सावडीची फटफटी

फटफटी दोघांची होती आणि बंद मात्र एकट्या पंजाबरावाच्या खाली पडायची. यात काहीतरी काळंबेरं आहे, हे कळायला पंजाबरावाला ज्योतिषाकडे जावं लागलं नाही.

दोघांची म्हणजे सावडीची. बोरीशेत गावात सावड काही नवी नव्हती. ज्याच्या गोठ्यात एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याला गाठतो. दोन बैलांची जोडी होते आणि ती पाळीपाळीनं दोघांच्या वावरात चालते. पंजाबरावाचा पवळ्या आणि तांड्यावरच्या देवीलाल राठोडाचा मोऱ्या असे वर्षानुवर्षं एका जुवाखाली चालत आले होते. इतके, की पोळ्याला तोरणाखाली दोघांना वेगवेगळं उभं केलं असतं तर दोघेही बिथरले असते. बैलांचं जमलं तर फटफटीचं का जमणार नाही, असा विचार करून दोघांनी मारेगावच्या एका मास्तरांची जुनी गाडी घेतली. एक दिवस पंजाबरावाचा, एक दिवस देवीलालचा. पेट्रोल पंजाबरावानं भरायचं, कारण पंपाकडे जाणं-येणं त्याचंच. त्याच्या बदल्यात पवळ्याचा कडबा देवीलालच्या वावरातून यायचा. कागद केला नव्हता. सावडीचा कागद करतात, असं त्या भागात कोणी ऐकलंही नव्हतं.

पण वर्षंच तशी आली. कपाशीच्या बियाण्याचं पाकीट चकचकीत, त्यावर टपोऱ्या बोंडाचं चित्र, आणि वावरात उगवायचं ते भलतंच, नाहीतर उगवायचंच नाही. दुकानदार म्हणायचा कंपनीला विचारा, कंपनी म्हणायची पावसाला विचारा. खरेदी केंद्रावर कापूस न्यावा, तर काट्याचा भरवसा नाही. ओलावा पाहणाऱ्याचा हात गाडीतल्या कापसात शिरला की माणसं त्याच्या हाताकडे न पाहता तोंडाकडे पाहायची. अख्ख्या तालुक्यालाच तिरपं पाहायची सवय लागली होती. पंजाबरावानं ती जरा जास्तच मनावर घेतली.

तो खुणा ठेवू लागला. कडब्याच्या गंजीभोवती राखेची रेघ. ज्वारीच्या पोत्याला अशी गाठ, की जी फक्त त्यालाच मारता येते आणि कधीकधी त्यालाही सोडता येत नाही. दुधाच्या गंजावर झाकणी ठेवताना तिची चीर चुलीकडे. रुखमाबाई, त्याची बायको, हे सगळं पाहायची आणि मुकाट्यानं झाकणीची चीर फिरवून ठेवायची, तेवढीच करमणूक म्हणून.

फटफटीच्या टाकीचा काटा मास्तरांच्या वेळेपासूनच बंद होता. त्यामुळं टाकीत किती आहे हे पंजाबराव अंदाजानं ठरवायचा, आणि त्याचा अंदाज नेहमी असाच निघायचा की असायला पाहिजे त्यापेक्षा कमी आहे. शेवटी त्यानं एक युक्ती काढली. मागच्या हंगामाची, न उगवलेल्या बियाण्याची पाकिटं घरात पडली होती. त्यातल्या एकाची गोल चकती त्यानं कात्रीनं कापली, टाकीच्या तोंडावर नीट बसवली, वरून झाकण दाबलं आणि किल्ली फिरवली. आता कोणी झाकण उघडलं तर चकती हलणारच. ते पाकीटही सीलबंदच होतं आणि तरी आत कचरा निघाला होता, हे त्याच्या त्या वेळी ध्यानात आलं नाही.

देवीलालचा दिवस गेला. गाडी परत आली. पंजाबरावानं अंगणातल्या सगळ्यांना आत पाठवलं आणि झाकण उघडलं. चकती नव्हती.

त्यानं नवी कापली, आधीपेक्षा मोठी. आपल्या दिवशी सकाळीच बसवायची, म्हणजे दिवसभरात घट्ट बसेल. पुढच्या वेळी तीही गेलेली. तिच्या पुढची तर त्यानं पाकिटाच्या दुहेरी शिवणीतून कापली. तीही गेली.

आणि याच सुमारास गाडी बंद पडू लागली. घरून निघताना कशी गुमान निघायची. नाला ओलांडायची, सागाच्या बनाजवळच्या मोरीपर्यंत यायची, चढ लागला की खोकल्यासारखं करायची आणि मरायची. किक मारून मारून पंजाबरावाची पोटरी दगड व्हायची. मग तो मोरीवर बसायचा, तंबाखू मळायचा, जाणारा-येणारा प्रत्येकजण 'बंद पडली काय?' असं विचारून जायचा, आणि बऱ्याच वेळानं उठून सहज किक मारावी तर गाडी सुरू. जणू मधे काही झालंच नव्हतं.

देवीलाल मात्र आपल्या दिवशी याडीला, म्हणजे आई लालीबाईला, मागं बसवून थेट झरीपर्यंत जायचा, बहिणीकडं जेवून परत यायचा. तेवढं जंगल, तेवढे चढउतार. गाडी एकदाही खोकली नाही.

एक, देवीलाल झाकण उघडतो. दोन, गाडी बंद पडते. पंजाबरावानं दोन्ही रकमा देवीलालच्या नावे टाकल्या. पेट्रोल काढून घेतो आणि तेवढ्याच मापाचं रॉकेल ओततो, दुसरं काय?

मारेगावात धम्मरत्नचं गॅरेज होतं. पंजाबराव त्याच्याकडं गेला, पण जाताना वाटेतच थांबून चकती काढून खिशात घातली. धम्मरत्न आणि देवीलाल एकाच टपरीवर चहा पितात. खूण कळली म्हणजे संपलंच. धम्मरत्ननं गाडी सुरू केली, बाजारातून एक चक्कर मारून आणली.

"काका, गाडी त ठणठणीत हाये."

"मंग मले काहून धोका देते?"

"तुमी तिले काही बोलता काय?"

पंजाबराव हसला नाही. धम्मरत्ननं प्लग बदलला. दुसऱ्या खेपेला कारबोरेटर खोलून साफ केला. तिसऱ्या खेपेला, पावसाचं पाणी गेलं असेल म्हणून टाकी खंगाळली आणि टाकीतलं पेट्रोल हातावर घेऊन हुंगलं.

"रॉकेल हाये ना?" पंजाबराव म्हणाला.

"रॉकेल गिकेल काही नाही. चोख पेट्रोल हाये."

देवीलालशी याचं साटंलोटं आहे, ही शंका आता शंका राहिली नाही. उलट धम्मरत्नला वेगळीच शंका आली होती. पंजाबराव निघाला तसा तो हात पुसत म्हणाला, "काका, खरं सांगा. माया कामाची परीक्षा त नाही घेऊन राह्यले कोनाच्या सांगन्यावरून?"

त्या दिवशी जेवताना पंजाबरावानं ठरवून टाकलं. गाडी विकायची. मारेगावात एक दूधवाला घ्यायला तयार होता.

रुखमाबाई भाकर थापता थापता थांबली. "अन् बैल?"

"बैलाचं काय?"

"सावड अर्धी मोडत नसते. गाडी मोडली त बैलही मोडले. मोऱ्याबिगर पवळ्या पाय उचलत नाही. पोळा तोंडावर आला, कपाशीत तण माजलं, डवऱ्याचा शेवटचा फेर राह्यला. डवरं काय तुमी ओढान?"

"तो पेट्रोल चोरते."

"तुमी पाह्यलं?"

"खूण हाये मायाजवळ."

"गाडी बंद पडली त देवीलाल. दूध नासलं त देवीलाल. औंदा पाऊस उशिरा आला, त्याच्यातही त्याचाच हात असन." तिनं भाकर तव्यावर टाकली. "लहानपनापासून ज्याच्यासंग एका ताटात जेवले, त्याले तोंडानं विचाराले काय होते तुमाले?"

विचारलं तर तो सावध होईल. बायकांना या गोष्टी कळत नाहीत, असं म्हणून पंजाबराव उठला. पण झोपताना पवळ्याकडं नजर गेली. बैल निवांत रवंथ करत होता. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

तांडा हाकेच्या अंतरावर होता. सकाळी देवीलाल दारातच भेटला. उंच, हाडकुळा माणूस, खांद्यावर कायम टॉवेल.

"चाल मारेगावले," पंजाबराव म्हणाला. "गाडीचं काय ते करून टाकू."

"काय करून टाकू?"

"इकून टाकू. धोक्याची झाली. मोरीपाशी रोज बंद पडते."

देवीलालनं टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. "मायाखाली त एकही खेपा नाही पडली."

"तेच त."

"तेच त म्हंजे?"

"म्हंजे काही नाही. चाल."

देवीलाल वळला. घरात जाऊन पाण्याची बाटली घेतली, लालीबाईला काहीतरी सांगितलं आणि मागं येऊन बसला. पंजाबरावाला आरशात त्याचं अर्धं तोंड दिसत होतं. त्या अर्ध्या तोंडावर काहीच नव्हतं, आणि पंजाबरावाला ते जास्त संशयास्पद वाटलं. चकती सकाळीच बसवली होती. टाकी काठोकाठ होती. काल स्वतः भरली होती. आज बंद पडली तर साक्षीदार मागंच बसलेला आहे.

नाला गेला. साग लागले. गाडी खोकली आणि मोरीच्या अलीकडंच मेली.

"घे," पंजाबराव म्हणाला. त्या एका शब्दात त्याला जेवढं समाधान झालं तेवढं त्या हंगामात कशानंच झालं नव्हतं.

देवीलाल उतरला. गाडीभोवती एक चक्कर मारून आला. तो गाडीकडं कमी आणि पंजाबरावाकडं जास्त पाहत होता. "किल्ली त नाही फिरवली तू?"

"म्या कायले फिरवू?"

"नाही, इचारलं. मले दाखवाची होती ना बंद पडताना. बरोबर पडली."

मग त्यानं गाडी स्टँडवर घेतली. किक मारली. चोक ओढून मारली. सीटखालचा पाना काढून प्लग खोलला, टोपणात धरून इंजिनाला टेकवला. "मार किक." पंजाबरावानं मारली. निळी ठिणगी चटकन उडाली.

"करंट हाये." देवीलालनं प्लग परत बसवला आणि खाली वाकून पेट्रोलची नळी कारबोरेटरपासून उपसली. कॉक उघडलेलाच होता. नळीच्या तोंडातून दोन थेंब पडले. मग काहीच नाही.

"पाह्य," पंजाबराव म्हणाला. "काल टाकी भरली म्या. आज पेट्रोल नाही. कुठं गेलं?"

देवीलालनं दोन्ही हातांनी हँडल धरून गाडी हलवली. टाकीत डुचुक डुचुक वाजलं.

"मंग हे काय हाये टाकीत? ताक?"

पंजाबरावानं स्वतः एकदा हँडल हलवून पाहिलं. हे त्याच्या हिशेबात नव्हतं. पेट्रोल कमी निघायला पाहिजे होतं. टाकी भरलेली आणि नळी कोरडी, ही चोरी कुठल्या प्रकारची, हे त्याला कळेना.

देवीलालनं नळी फुंकली. हवा आत गेली, टाकीत बुडबुडे वाजले, नळीतून थोडं पेट्रोल आलं आणि पुन्हा थांबलं. "नळी मोकळी हाये. कॉकही मोकळा हाये. वरूनच काही अडते." तो उभा राहिला. "उघड झाकन."

"झाकनाचा काय संबंध?"

"पाहू त दे."

"गरज नाही. थोड्या वेळानं आपोआप सुरू होते ते."

देवीलालचे डोळे बारीक झाले. "काहून नाही उघडत?"

"असंच."

"टाकीत काय टाकलं तू?"

"म्या?"

"तांड्यावर लोक म्हनते, पंजाबले गाडी एकट्याले पाह्यजे. मुद्दाम बंद पाडते, धोक्याची म्हनून सस्त्यात पाडीन अन् दुसऱ्याच्या नावानं आपनच घेईन. म्या म्हनलं, पंजाब तसा नाही. मायी याडीही म्हनली, तो तसा नाही." देवीलालचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "उघड ना मंग. नाही काही टाकलं त उघड."

चोराच्या तोंडून चोरीचा आळ. पंजाबरावाच्या डोक्यात रक्त चढलं. आता लपवण्यात काय अर्थ आहे? इथंच, मोरीपाशीच, सोक्षमोक्ष. त्यानं किल्ली काढली. "उघडतो. तुलेच दाखवतो. अन् मंग हातात धरून सांग मले, हे दर खेपेले कुठं जाते ते."

त्यानं किल्ली फिरवली आणि झाकण उचललं. ते सहज उचललं गेलं नाही. चकती टाकीच्या तोंडात खोल बसली होती, कोणीतरी खालून ओढून धरावी तशी, वाटीसारखी वाकून. पंजाबरावानं नखानं तिची कड उचलली. टाकीनं सुस्स करून लांब श्वास घेतला.

आणि लोंबत्या नळीतून पेट्रोलची धार लागली. सरळ पंजाबरावाच्या चपलेवर.

दोघंही त्या धारेकडं पाहत राहिले. आधी देवीलाल भानावर आला आणि त्यानं वाकून कॉक बंद केला. मग तो उठला, बाटलीतलं पाणी रस्त्यावर ओतलं, बाटली नळीखाली धरली, पंजाबरावाच्या हातातली चकती घेऊन टाकीच्या तोंडावर ठेवली, झाकण दाबून लावलं आणि कॉक उघडला. धार आली. बारीक झाली. सुतासारखी झाली. थेंब झाले. थांबली. त्यानं झाकण उघडून चकती उचलली. धार परत आली.

"टाकीले हवा लागते," देवीलाल म्हणाला. "झाकनाले बारीक भोक असते त्याच्यासाठी. हे खाली ठेवलं की ते बुजते. जेवढं पेट्रोल खाली जाईन, तेवढी हवा आत याले पाह्यजे. नाही आली त पेट्रोल जागचं हलत नाही." तो थांबला. "आपोआप सुरू होते म्हनत होता ना तू? हवा हळूहळू शिरत असन कडेनं."

पंजाबराव चपलेतला पाय झटकत होता.

"मी त याले रोज फेकतो," देवीलाल म्हणाला. "म्या म्हनलं, गळू नये म्हून पंपावाले काही लावत असन."

"तू झाकन कायले उघडतं?" पंजाबरावाच्या तोंडून शेवटी तो प्रश्न बाहेर पडला. इतके दिवस धार लावून ठेवलेला; पण बाहेर आला तेव्हा फार बोथट वाटला.

"काटा बंद हाये. मंग टाकीत किती हाये ते उघडून नाही पाहाव त काय देवाले इचाराव? पऱ्हाटीची काडी घालून पाह्यतो. याडीले मांगं बसवून झरीच्या जंगलात संपलं, त तिले खांद्यावर घेऊन येऊ काय?"

देवीलालनं चकती उन्हाकडं धरून फिरवली. तिच्यावर अर्धं बोंड होतं, टपोरं, पांढरंशुभ्र.

"हे त आपल्या त्या बियान्याचं हाये. उगवलंच नाही, ते."

"व्हय."

"पंपावाल्याजवळ कुठून आलं?"

पंजाबराव सागाकडं पाहू लागला.

"तू ठेवतं हे." देवीलालनं ते विचारलं नाही, नुसतं म्हटलं. "कोनासाठी ठेवतं?"

एक बैलगाडी चढावरून खाली आली. गाडीवान म्हणाला, "बंद पडली काय?" गाडी निघून गेली, तिचा खडखडाट नाल्यापर्यंत ऐकू येत राहिला.

देवीलालनं नळी जोडली. बाटलीतलं पेट्रोल सांडू न देता टाकीत ओतलं. झाकण लावलं. एकच किक मारली. गाडी सुरू झाली. मग त्यानं मागं पाहिलं.

"पंजाबराव, तुमी चालवता का मी चालवू?"

पंजाबरावाच्या कानाला ते 'तुमी' लागलं. चौथीपर्यंत एका तरटपट्टीवर बसलेला, एका विहिरीत पोहायला शिकलेला देवीलाल. त्यानं त्याला आजवर पंजाब म्हटलं होतं, लेका म्हटलं होतं, भांडणात याहून वाईटही म्हटलं होतं. तुमी त्यानं फक्त तलाठ्याला म्हटलेलं पंजाबरावानं ऐकलं होतं, आणि बियाण्याच्या दुकानदाराला. ज्यांच्यावर त्याचा विश्वास नव्हता त्यांना.

"तूच चालव," तो म्हणाला आणि मागं बसला.

गाडी चढ चढली, मोरी मागं गेली, आणि जिथं ती रोज मरायची तिथून पुढं सुरळीत धावत राहिली. पंजाबरावाला ते जरा लागलंच. फाट्यावर देवीलालनं ब्रेक मारला. एक रस्ता मारेगावला जात होता. दुसरा वावरांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं, वळसा घालून तांड्याच्या मागच्या अंगाला निघत होता. इंजिन त्यानं बंद केलं नाही.

"सांगा," देवीलाल मागं न पाहता म्हणाला. "दूधवाला तिकडं हाये. इकाची असन त इकू. मायी ना नाही. बैलही आजच सोडू मंग. ज्याले मायावर खूण ठेवा लागते, त्याच्या जुवाखाली मोऱ्या कायले देऊ मी?"

पंजाबरावाच्या तोंडात शब्द जमा झाले, पण त्यातला एकही आजवर वापरात नव्हता. चूक झाली, हे वाक्य त्यानं दुसऱ्याकडून पुष्कळदा वदवून घेतलं होतं. स्वतः म्हणायचा प्रसंग त्यानं येऊ दिला नव्हता. तो बराच वेळ खाकरला. मग सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि बियाण्याचं एक पाकीट काढलं. आत कापून ठेवलेल्या चकत्या होत्या, पोळ्यापर्यंत पुरतील इतक्या. त्यानं पाकीट देवीलालच्या खांद्यावरून पुढं केलं.

"ह्याही हायेत," तो म्हणाला.

देवीलालनं पाकीट घेतलं. आत डोकावून पाहिलं. दोन-तीन चकत्या बोटांनी वर काढल्या, त्यांच्या कडा पाहिल्या. "लय गोल कापल्या."

"वाटी ठेवून कापल्या."

"रुखमावयनीनं पाह्यलं?"

"तिले माहीत असन. ती बोलत नाही."

गाडी फाट्यावर धडधडत उभी होती. मारेगावकडून एक एसटी आली आणि धूळ उडवून गेली. पंजाबरावानं धूळ खाली बसू दिली.

"देवीलाल, उद्या डवरं कोनाच्या वावरात हाये?"

देवीलालनं गिअर टाकला. हँडल मारेगावकडं वळलं नाही. धुऱ्याच्या रस्त्याला लागून पहिला खड्डा चुकवल्यावर तो म्हणाला, "तुया."

पंजाबराव सीटवर नीट सरकून बसला.

"पन येतानी जुवाले कुलूप नको लावजो," देवीलाल म्हणाला.

पंजाबराव हसला. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळं ते खोकल्यासारखं निघालं. मग त्याच्या लक्षात आलं, की चकत्यांचं ते पाकीट देवीलालनं रस्त्यावर फेकून दिलं नव्हतं. नीट घडी घालून आपल्या खिशात ठेवलं होतं. आता ते कशासाठी ठेवलं असेल, याचा विचार पंजाबराव तांडा येईपर्यंत करत राहिला.